अळणी व्रत

काचेच्या बारीक नळीच्या टोकाशी औषधाचा थेंब फुगत होता, लांबत होता, पडत मात्र नव्हता. बाकाच्या कडेवर बसून सुमती त्याच्याकडे पाहत होती. थेंबाखाली बंडोपंतांचा डावा डोळा डॉक्टरांनी दोन बोटांनी ताणून उघडलेला, आणि त्याबरोबर तोंडही उघडलेलं, लहान मूल काजळ घालून घेताना उघडतं तसं... एकसष्टाव्या वर्षीही डोळ्याबरोबर माणसाचं तोंड उघडतं हे तिला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षांच्या संसारात पाहायचा प्रसंगच आला नव्हता. थेंब पडला. बंडोपंत दचकले नाहीत. दचकायचं नाही हे घरून निघतानाच त्यांनी ठरवलं असणार.

नागपूरचे हे डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून दोन शनिवार वर्ध्याला यायचे आणि औषधांच्या दुकानामागच्या एका खोलीत बसायचे. थेंब टाकून अर्धा तास बसवायचं, बुबुळ मोठं होऊ द्यायचं, मग दार-खिडकी लावून बारक्या दिव्यानं आत पाहायचं. सुमतीला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही म्हणून ती आतच राहिली. अंधारात डॉक्टरांनी आपला चेहरा बंडोपंतांच्या चेहऱ्याला जवळजवळ टेकवला, नाकाला नाक लागेल इतका, आणि श्वास रोखून पाहत राहिले. तिला उगाच संकोच वाटला. इतक्या जवळून तिनं ह्यांच्या डोळ्यांत कधी पाहिलं होतं? उजेडात तर नाहीच. आणि हा परका माणूस तीन मिनिटांत सरळ आत जाऊन उभा राहिला होता, आणि आत काय काय वाढून ठेवलं आहे ते पाहत होता. कुणी केलंय तेही दिसत असेल का तिथे?

हे सगळं तेरा दिवसांपूर्वी सुरू झालं, रविवारी सकाळी, सामुदायिक कताईत. कातलेलं सूत उजेडात धरायचं आणि उजवा डोळा मिटून त्याचा सारखेपणा पाहायचा ही बंडोपंतांची जुनी सवय. त्या दिवशी धरलं तर सूत अर्ध्यातच संपलेलं. त्यांना वाटलं तुटलं. खाली वाकून ते दुसरं टोक शोधू लागले, मिळेना, तेव्हा कापसाच्या पेळूतून नवा धागा काढून जोडायला बसले... शेजारचे अण्णाजी शेवटी म्हणाले, बंडोपंत, काय जोडता आहात? सूत तर अखंड आहे. घरी आल्यावर हे हसत हसतच सांगितलं त्यांनी. हसताना डावा डोळा हातानं झाकून उघडत होते, पुन्हा झाकत होते.

खिडकी उघडली. डॉक्टरांनी औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक वर्तुळ काढलं आणि त्यात मुळांसारखे फाटे. समजावून सांगायची त्यांना हौस होती, आणि बंडोपंतांना समजून घ्यायची. सुमतीच तेवढी त्या पुठ्ठ्याकडे पाहणार नाही असं मनाशी म्हणत होती आणि पाहत होती. शरीरातल्या रक्ताच्या नळ्या उघड्यावर पाहायला मिळतात त्या इथेच, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, असं डॉक्टर म्हणाले. वय झालं की त्या कडक होतात, जुन्या रबरी नळीसारख्या; त्यात रक्ताचा दाब, तीस-पस्तीस वर्षं खुर्चीत बसून काम, तंबाखू असेल तर तंबाखू, मनाला लावून घेण्याचा स्वभाव. एक नळी रक्त घेऊन येते, दुसरी परत नेते, आणि जिथे दोघी एकमेकींवरून जातात तिथे दोघींना मिळून वेष्टण एकच असतं. म्हणून एक कडक झाली की दुसरी चेपते. चेपली की मागे रक्त तुंबतं आणि फुटतं. डाव्या डोळ्यात फुटलं आहे. ते हळूहळू विरेल, पण गेलेलं सगळं परत येईल असं नाही.

एकच वेष्टण... असेल. संसारातही असतं; कडक कोण आणि चेपलेली कोण हे बाहेरच्यांना पाहता येत नाही एवढंच. पण मनातसुद्धा ती हे वाक्य पुरतं करू शकली नाही, कारण डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं,

"मीठ किती खाता?"

बंडोपंत खुर्चीत सरळ झाले. औषधानं डावं बुबुळ मोठं काळंभोर झालेलं, आणि त्या चेहऱ्यावर ते हसू आलं—तिला ठाऊक असलेलं, दाबावं म्हटलं तरी न दबणारं.

"पावणेचार वर्षं झाली. कणभर नाही. हिला विचारा."

डॉक्टरांनी खरंच तिच्याकडे पाहिलं. "अगदी बंद?"

"हो," ती म्हणाली.

एका अक्षराचा शब्द. त्याला जीभ टाळूला लावावीही लागत नाही, नुसता श्वास सोडला तरी होतो.

डॉक्टरांनी पुठ्ठा बाजूला सारला. मग त्यांनी त्यांच्या परीनं दयाळूपणानं सांगितलं, की मग मिठानं ह्यांना फरक पडत नाही, काहींना पडत नाही. इतकं कडक पाळूनही आतल्या नळ्या अशा असतील तर कशाला जिवाला जाच, खाऊ द्या चार माणसांसारखं. गोळ्या तेवढ्या चुकवू नका.

"आणि उजवा?" सुमतीनं विचारलं. तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला.

"उजव्यातही तेच आहे. अजून फुटलेलं नाही एवढंच."

टांग्यात बंडोपंत डोळ्यांवर हात धरून बसले; विस्फारलेल्या बुबुळाला मार्गशीर्षातलं कोवळं ऊनसुद्धा सोसत नव्हतं. घोड्याच्या टापा, टांगेवाल्याचं गुणगुणणं, वाटेत सरकीच्या पोत्यांनी भरलेली गाडी... आणि सुमतीच्या डोक्यात तो पहिला चैत्र.

दाब दोनशेवर गेला होता आणि गावातल्या डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं होतं. दुसरं कुणी असतं तर पथ्य म्हणून तोंड वाकडं करून पाळलं असतं. पण वर्ध्याला त्या काळात ज्यानं काही सोडलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. कुणी चहा सोडलेला, कुणी मसाला, कुणी साखर. अण्णाजींनी तर चामड्याच्या वहाणाही सोडल्या होत्या आणि उन्हाळ्यात ते रस्त्यानं बेडकासारखे उड्या मारत चालत. बंडोपंतांना मात्र काहीच सोडता आलं नव्हतं. बेचाळीस साली अर्धी ओळखीची माणसं तुरुंगात गेली, तेव्हा हे कचेरीत कारकून होते; पकडलेल्यांच्या याद्या ह्यांच्या वळणदार अक्षरात लिहिल्या जात. अण्णाजींचं नावही ह्यांनीच लिहिलेलं. अण्णाजी ते कधी बोलले नाहीत. सुटून आल्यावर शेजारी बसून सूत कातू लागले, आणि तेच ह्यांना सोसत नसे. म्हणून बारा वर्षांनी मीठ सुटलं तेव्हा ह्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. डॉक्टरांनी पथ्य दिलं होतं, ह्यांनी त्याचं व्रत केलं. पुढच्याच रविवारी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं—मी अळणी व्रत घेतलं आहे.

पंधरा दिवस रेटलं. पानात अर्धी भाकर राहू लागली. गळ्याची हाडं दिसायला लागली. कसं काय, विचारलं की मजेत, म्हणायचे. आणि एका दुपारी ती वाळवण उलटायला बाहेर आली तर ओसरीवर हे एकटे बसलेले, घामानं निथळलेले, आणि मनगट तोंडाशी नेऊन... आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. स्वतःच्या मनगटावरचा घाम ते चाटत होते. हळूच, चोरून, पोरानं डब्यातला गूळ चाटावा तसे.

ती मागच्या पावली आत गेली. पुरी सात-आठ मिनिटं चुलीसमोर नुसती बसून राहिली.

मी काय करायला हवं होतं? कुणी तरी सांगा मला. पुस्तकं मी वाचते, वाचायला माझी मीच शिकले, पण ह्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात असतं?

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठात तिनं मिठाचं पाणी घातलं. पाणी अशासाठी की खडा दाताखाली येऊ नये; आणि भाकरीत अशासाठी की तिथे मीठ कुणी शोधत नाही. बंडोपंतांनी अख्खी भाकर खाल्ली. दुसरी मागितली. आणि म्हणाले, "पाहिलंस? सवय लागते जिभेला. मन घट्ट हवं."

त्या क्षणी हसावं की रडावं ते तिला कळलं नव्हतं; ती ताक वाढायला उठली होती. भाकरीतलं मीठ मग वरणात गेलं, वरणातून भाजीत. हात चोरटा होता तो सरावला. वर्षभरात ह्यांचं वजन आठ-नऊ पौंडांनी वाढलं. रविवारच्या मंडळींना ते सांगू लागले की सहा आठवडे निग्रह केला की धान्याची मूळ चव उघडी पडते. ज्वारीत निसर्गानंच मीठ घातलेलं असतं, आपली बिघडलेली जीभ ते ओळखत नाही. मंडळी माना डोलवत. अण्णाजींनीही मग मीठ सोडून पाहिलं आणि आठव्या दिवशी तोंड कडू करून इथे जेवायला आले, बंडोपंतांचं अळणी कसं असतं ते पाहायला. पहिला घास घेतला. थांबले. पानावरची मान उचलून त्यांनी दाराआड उभ्या असलेल्या सुमतीकडे पाहिलं—एवढंसं, पापणी लवेपर्यंत—आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताचं अळणी काही निराळंच आहे. आमच्याकडे जमत नाही." आणि दोनदा वरण मागून घेतलं.

तेव्हापासून हे जाणणारी माणसं दोन. अण्णाजी तेही कधी बोलले नाहीत. न बोलण्यात त्या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

टांगा वळला. बंडोपंत हाताच्या सावलीतून म्हणाले, "वाया गेली."

"काय?"

"पावणेचार वर्षं. कशात कमी पडलो मी, सांग बघू. एवढं तरी आपल्या हातून नीट झालं असं वाटत होतं."

त्यांचा आवाज रडवेला नव्हता. रडवेला असता तर बरं झालं असतं. तो कचेरीतला आवाज होता, हिशेब जुळत नसला तरी कागद बंद करून वरिष्ठांकडे पाठवताना असायचा तसा.

सांग. आत्ता सांग. टांगेवाला गातो आहे, ह्यांचे डोळे झाकलेले आहेत, ह्याहून बरी वेळ येणार नाही. व्रत वाया गेलं नाही हो, ते झालंच नव्हतं. उजवा डोळा अजून आहे, उद्यापासून खरंच पाळू, कदाचित राहील तो... पण मग? उजव्या डोळ्यासाठी ह्यांच्यापाशी असलेलं एवढं एकच काढून घ्यायचं. अण्णाजींशेजारी बसून हे पावणेचार वर्षं मान वर करून सूत कातत होते, ती मान आता खाली जाईल, आणि त्या एका डोळ्यानं ते खालीच पाहत राहतील. आणि अण्णाजींना ठाऊक होतं हेही सांगायचं का? आणि न सांगावं तर डॉक्टरांनी मीठ मोकळं करून दिलेलं. माझ्या एका 'हो'वर.

"आज वरणात मीठ घाल," बंडोपंत म्हणाले. "चांगलं, सगळ्यांसारखं. संपलं ते."

दारात तानाबाई टोपली उतरवून बसलेली. ती पिपरीहून रोज भाजी आणायची. आज हरभऱ्याची कोवळी भाजी होती आणि काटेरी देठांची वांगी. बंडोपंत तिच्याशी न बोलता भिंत धरून आत गेले. तानाबाईनं ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काय म्हने डाक्टर? डोया येईन का वापस?"

सुमतीनं मान हलवली. म्हणाली, आतल्या शिरा फुटल्यात, वयाच्या आणि दाबाच्या.

"अन् मीठ तं खात नाई म्हने बुढा, साऱ्या गावाले ठाऊक हाय." तानाबाई वांगी निवडता निवडता हसली. "का तुम्हीच देता चोरून? बाईचा जीव हाय, मले सांगा."

सुमतीच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. पण तानाबाई उत्तरासाठी थांबलीच नव्हती. तिचं बोलणं तिच्याच वाटेनं पुढे गेलं होतं.

"आमच्या बुढ्याले डाक्टरनं बिडी सोडाले लावली. खोकून खोकून रातभर झोपत नाई. तरी मीच आणून देतो त्याले, रोज दोन. काय करता बाई, त्याचं तोंड पाहवत नाई. मरन तं मरन, म्हनतो, खुशीत तं मरन."

"त्यांना ठाऊक आहे? तू देतेस ते?"

"घ्या! त्याच्याच हातात देतो न मी. माचिसबी मीच लावतो."

आणि ती खदखदा हसली, टोपली डोक्यावर घेतली, निघून गेली. सुमती दारात उभी राहिली. इतकं सोपं असतं हे? दिवसाढवळ्या, भाजीच्या टोपलीशी, वांग्यांच्या भावाबरोबर सांगून टाकण्यासारखं? तानाबाई आणि तिचा म्हातारा दोघं मिळून खोकत होते. मी ह्यांना एकट्याला चोर न होता चोरी करायला लावली... नाही, तसंही नाही. ह्यांच्या नकळत ह्यांची बिडी मीच ओढून दिली, असं काहीतरी.

चूल पेटली. डाळ शिजली. घोटताना तिचा डावा हात आपसूक मागे मिठाच्या बरणीकडे गेला. पावणेचार वर्षं तो तसाच जात आला होता, मागे दाराकडे कान ठेवून. आज चोरायचं कारण नव्हतं. आज मालकाचा हुकूम होता. आणि आज तिनं हात मागे घेतला. वरणात घातलं नाही. भाजीत घातलं नाही. भाकरीचं पीठ नुसत्या पाण्यानं मळलं. मनात वाक्य तयार करत होती: अहो, आज मी मीठ घातलेलं नाही, आणि का ते ऐका. ह्यापुढचं वाक्य तयार नव्हतं, पण एकदा घास घेऊन त्यांनी वर पाहिलं की ते येईल. घास घेतला की ते विचारणारच—हे काय, मीठ घाल म्हटलं होतं ना. मग सुटका नाही. तिला स्वतःला सुटका नको होती, म्हणूनच तिनं हा रस्ता धरला होता. सांगायचं धैर्य नव्हतं, पकडलं जायचं होतं.

पान वाढलं. बंडोपंत बसले. तिनं आपलंही पान घेतलं, त्यांच्या डाव्या बाजूला. त्यांनी भाकर मोडली, वरणात बुडवली, तोंडात घातली.

तिनं हातातला घास तसाच धरला.

ते चावत राहिले. सावकाश, डोळे मिटून. कपाळावरची शीर हलत होती. मग गिळलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, सकाळपासून पहिल्यांदाच, काहीतरी सैल झालं.

"हं," ते म्हणाले. "आता कसं. विसरूनच गेलो होतो गं मी, मिठाची चव कशी असते ते."

थट्टा? थट्टा ह्यांना कधी जमली नाही. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा; वांग्याच्या फोडीवर बोट फिरवून ते चाटलं. तिनं हातातला घास तोंडात घातला. मातीचा लपका. नुसती वाफ आणि लगदा. ही चव नव्हेच, चवीची उघडी पडलेली जागा.

म्हणजे कळतच नाही ह्यांना.

कधीपासून? त्या चैत्रात कळत होतं, ते तिनं पाहिलं होतं, मनगट पाहिलं होतं. पण त्यानंतर? पुठ्ठ्यावर डॉक्टरांनी डोळ्याच्या नळ्या काढल्या होत्या. जिभेच्या नव्हत्या काढल्या. जीभ कधी म्हातारी झाली? पहिल्या वर्षी, दुसऱ्या? की ज्वारीतलं मूळ मीठ लागतं म्हणून सांगत होते तेव्हाच ह्यांना काही लागत नव्हतं, नुसती हिमतीचीच चव होती ती? मग एवढा काळ, रोज दोन वेळा, दाराकडे कान ठेवून ती जे घालत होती ते जिभेवर थांबलंच नाही. ते सरळ आत गेलं. जिथे कुणी चव घेत नाही तिथे.

"वरण वाढ अजून," बंडोपंत म्हणाले.

तिनं वाढलं. आणि मग तिला कळलं की आता सगळंच सोपं झालं आहे. भयंकर सोपं. ह्यापुढे ती कणभरही घालणार नाही आणि ते मिटक्या मारत खातील. मीठ मिळतं आहे असं मानून पथ्य पाळतील, उजवा डोळा कदाचित राहील, अण्णाजींशेजारची मान कदाचित राहील. सांगायची गरज नाही. पकडायला कुणी नाही. जगात एकच जीभ होती जी तिला पकडू शकली असती.

"काय झालं? जेवत का नाहीस?" ते म्हणाले, आणि ती दिसेना म्हणून सबंध मान वळवून, पुरतं अंग फिरवून, उजव्या डोळ्यानं तिला शोधू लागले. "आहेस ना तू इथे?"

"आहे," ती म्हणाली.

तेवढ्यावर ते पुन्हा पानाकडे वळले. तिच्या तोंडात तो घास तसाच होता. तिनं तो गिळलाही नाही, टाकलाही नाही. सांगायचं होतं तेही घशाशी तसंच होतं. फक्त आता ते ह्यांना सांगायचं राहिलं नव्हतं... मग कुणाला, हे तिला काही केल्या कळेना.